बोल्टचं दुसरं टोक

क्लिफर्ड हॅरॉपने बागेतल्या सिमेंट ब्लॉकच्या भिंतीवर लाकडी कुंपण घालायचं ठरवलं, ते निव्वळ सभ्यपणापायी. इंग्लंडातल्या बार्न्सली गावात सभ्यपणापायी माणसं काय काय करून बसतात!

झालं असं, की कपडे वाळत घालता घालता पलीकडची एनिड म्हणाली, "माझं धुणं बघून बघून कंटाळला असाल तुम्ही."

बायको गेल्यापासून क्लिफर्डशी दिवसाकाठी बोलणारं माणूस म्हणजे ही एनिडच, तीही कमरेएवढ्या भिंतीवरून. एरवी तो किटलीशी बोलायचा. त्याला वाटलं, बाईला आडोसा हवाय. सरळ विचारणं म्हणजे भोचकपणा.

"कुंपण घालू का भिंतीवर?" तो म्हणाला.

एनिडने हातातला चिमटा दोरीवरच्या कपड्याला लावला. "छानच होईल हो."

नाही म्हणायची रीत दोघांच्याही घराण्यात नव्हती.

पहिल्याच भोकात स्क्रूसाठी ठोकलेला प्लास्टिकचा प्लग ब्लॉकच्या पोकळीत टुपकन पडला. मागोमाग स्क्रूही गेला. क्लिफर्डने चिडून ड्रिल असं रेटलं, की ते थेट पलीकडे निघालं आणि खण्णकन आवाज झाला.

"लागलं का हो कुठे?"

"मला नाही. बुटक्याला." एनिडने बागेतला चिनीमातीचा दाढीवाला बुटका उचलून दाखवला. त्याच्या पाठीला भोक पडलं होतं. "माफ करा हं. मीच त्याला तिथे टेकवून ठेवला होता."

"छे छे, माफी मी मागायची."

"अहो नाही, मीच."

या भानगडीत दोघांचाही चहा गार झाला.

दुकानदार म्हणाला, "पोकळ ब्लॉक ना? आरपार बोल्ट घाला, आजोबा. पण एकट्याचं काम नाही. पलीकडून बोल्टचं डोकं कुणीतरी पान्याने धरायला हवं, नाहीतर नटाबरोबर बोल्टही गरगर फिरतो."

मग एनिड पाना घेऊन पलीकडे उभी राहिली.

"धरलंय?"

"धरलंय!"

दर बोल्टमागे चहा, दर खांबामागे बिस्किटं. दोन दिवसांचं काम आठवडाभर चाललं. एक खांब तर क्लिफर्डने मुद्दाम तिरका बसवला. "जरा तिरका वाटतो, नाही?" असं एनिडच आधी म्हणाली आणि तो पुन्हा काढावा लागला. क्लिफर्ड इतका खुशीत बऱ्याच दिवसांत नव्हता.

पण काम संपतंच. कुंपणाची देखणी बाजू शेजाऱ्याला द्यायची असते, म्हणून गुळगुळीत फळ्या एनिडकडे झाल्या आणि खांब, नट, खिळे क्लिफर्डच्या वाट्याला आले. पलीकडून "वा, सुरेख!" ऐकू आलं. मग दार लागल्याचा आवाज.

त्यानंतर चिमट्यांची टकटक तेवढी ऐकू यायची. एकदा तो फळीकडे तोंड करून म्हणाला, "आज हवा बरी आहे!" फळी काही बोलली नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि घरात गेल्यावर किटलीशीही बोलावंसं वाटेना.

रविवारी सकाळी कुंपण काढायचं ठरवून त्याने पाना उचलला. कुणी विचारलंच तर लाकूड कुजलं म्हणायचं. लाकडाचा नवा वास अजून गेला नव्हता, पण दुसरं काही सुचेना.

त्याने नट फिरवला. बोल्टही फिरला. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. हात भरून आले. तो उपड्या बादलीवर बसला. आपणच आपल्याला कोंडून घेतलं, या विचाराने त्याचे डोळे पाणावले. उठून त्याने शेवटचं म्हणून पाना लावला.

बोल्ट जागच्या जागी घट्ट थांबला. नट अलगद सुटू लागला.

"लाकूड... जरा कुजलंय हो," क्लिफर्ड चाचरत म्हणाला.

"हो ना, मलाही तोच संशय होता," पलीकडून आवाज आला. "फिरवा तुम्ही. धरलंय मी."