गिटारची भुणभुण

बाकावर बसलेला धिप्पाड पोलीस एकदम उठला आणि गालाला हात लावून दाराकडे निघाला.

"अहो, निघालात कुठे? आता तुमचाच नंबर आहे," काउंटरमागून दंतवैद्याची बायको म्हणाली.

"आत कुणाच्या तरी दाताला मशीन लावलंय. ऐकू येतंय मला."

"आत कुणीच नाही हो! डॉक्टर गिटार घेऊन बसलेत."

"वहिनी, पोलिसात आहे मी. असल्या थापा रोज ऐकतो," असं म्हणून तो पायऱ्या उतरून पसार झाला.

त्या आठवड्यात असा पळालेला तो पहिला पेशंट नव्हता. बायको तणतणत आत गेली. अवजारं उकळून निघेपर्यंत डॉक्टर इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेऊन बसत. ते वाजवत कमी आणि सूर जुळवत जास्त. पण अ‍ॅम्प्लिफायर लावला, की तारेला बोट लागण्याआधीच त्यातून 'घूंऽऽऽ' सुरू व्हायचं. डॉक्टरांच्या मशीनचा आणि त्या आवाजाचा गळा अगदी एक होता.

"एक तर ही भुणभुण बंद करा, नाहीतर ती गिटार माळ्यावर टाका. पोलीससुद्धा पळून जायला लागलेत!"

"अगं, यात गिटारचा काय दोष? तारांखाली हे पिकअप आहेत ना, ते तारांची थरथर पकडतात. पण सोबत ट्यूबलाइट, पंखा, सगळ्यांचीच वीज पकडतात. आतलं वायरिंग नीट केलं की झालं. अर्ध्या तासाचं काम!"

रविवारी सकाळी अर्ध्या तासाच्या कामाला सुरुवात झाली. डॉक्टरांनी तोंडाला मास्क लावला, बायकोच्या हातात बॅटरी दिली आणि पहिला स्क्रू काढताना सवयीने गिटारला म्हणाले, "घाबरायचं नाही. काही कळणारसुद्धा नाही."

आतल्या वायरी त्यांनी एकमेकींना पीळ देऊन आखूड केल्या. पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावली, म्हणजे बाहेरची वीज बाहेरच अडावी. मग झाकण बसवून अ‍ॅम्प्लिफायर चालू केला. खोलीत चिडीचूप शांतता पसरली.

"गेली! भुणभुण गेली!" डॉक्टर ओरडले.

"वाजवा की मग."

डॉक्टरांनी तार छेडली. शांतता. जोरात छेडली. तरीही शांतताच.

"भुणभुणीबरोबर गिटारही गेली वाटतं," बायको म्हणाली.

पुन्हा झाकण निघालं. गिटारचा आवाज बाहेर नेणारी वायर नेमकी अर्थिंगच्या वायरीला चिकटून बसली होती. तिच्यावर टेप गुंडाळला, तेव्हा आवाज आला, पण नाक चोंदलेल्या माणसासारखा. एका पिकअपच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या. त्या सुलट करताना दुसऱ्याची वायर तुटली. ती डाख देऊन जोडताना तापलेल्या कथलाने डॉक्टरांचं बोट भाजलं.

"आई गं!"

"काही कळणारसुद्धा नाही म्हणाला होतात," बायको बॅटरीतले सेल बदलत म्हणाली.

एवढं करून झाकण लावलं, तर 'घूंऽऽऽ' जसंच्या तसं! डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळ होता होता त्यांच्या लक्षात आलं, की तांब्याची पट्टी अर्थिंगला जोडायचीच राहिली आहे. अडवलेली वीज जाणार तरी कुठे? तेवढी एक वायर डाख देऊन जोडली, आणि भुणभुण खरोखरच नाहीशी झाली. तार छेडली की सूर अगदी काचेसारखा स्वच्छ. दोघंही इतकी वैतागली होती, की आनंद करायचंही त्राण उरलं नव्हतं.

सोमवारी पोलीस परत आला. आता गाल टम्म सुजला होता. शेजारी एका शाळेच्या मुख्याध्यापिका बसल्या होत्या. आतून डॉक्टरांचे सूर ऐकू येऊ लागले, पहिल्यांदाच अगदी स्पष्ट. चार सूर बरोबर, पाचवा चुकीचा. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पाचवा चुकीचा.

मुख्याध्यापिकांनी डोळे मिटून घेतले. पोलिसाने सहन होईल तेवढं सहन केलं.

"वहिनी, पेशंट आत असला की ते वाजवतात का हो?"

"कसं वाजवणार? दोन्ही हात पेशंटच्या तोंडात असतात."

"मग मला घ्या आत. आत्ताच्या आत्ता!"

"वा! नंबर माझा आहे," मुख्याध्यापिका ताडकन उठल्या. "आणि माझ्या दोन दाढा काढायच्यात. वेळ जास्त लागेल, तेवढीच सगळ्यांना शांतता!"

त्या दिवशी एकही पेशंट पळाला नाही. उलट आत शिरण्यासाठी दारात रेटारेटी झाली.

"बघितलंस?" दवाखाना बंद करताना डॉक्टर म्हणाले. "संगीत नीट ऐकू आलं, की माणसाची भीती जाते."

बायकोने रिकाम्या बाकांकडे पाहिलं, मग भरलेल्या गल्ल्याकडे.

"खरंय तुमचं," ती म्हणाली. "बाहेर अजून एक स्पीकर लावू या का?"