दरमहा बारा चुका

कारखान्याने निर्णय-सहाय्यक संगणकप्रणाली बसवल्याला वर्ष झालं आणि संचालक मंडळाने एक साधा प्रश्न विचारला: हिचा फायदा किती झाला? झाला का, असं कुणी विचारलं नाही. तो प्रश्न विकत घेण्याआधी विचारायचा असतो, आणि ती वेळ टळून गेली होती. आता फक्त आकडा हवा होता.

कारखाना रंगाचा. कोणत्या दुकानाला कोणत्या रंगाचे किती डबे पाठवायचे, हे डिस्पॅचमधले नाना वीस वर्षं ठरवत आले होते. त्यांची पद्धत अशी की दुकानदाराला फोन करायचाच नाही, कारण दुकानदार नेहमी फुगवून सांगतो. त्याच गावातल्या एखाद्या रंगाऱ्याला फोन करायचा, आधी त्याच्या गुडघ्याची चौकशी करायची आणि मग सध्या शिडी कुठे लावलीये, ते विचारायचं. पाच फोनांत नानांना सगळं गाव दिसायचं. चार महिन्यांनी नाना निवृत्त व्हायचे होते आणि त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ हवी होती. त्या खुर्चीखेरीज त्यांना कुठेच करमत नसे, घरी तर नाहीच नाही. प्रणालीचं मूल्यमापन नीट पार पडू दे, मग तुमचं बघू, असं मोठे साहेब मोघम बोलले होते. तेवढ्या शब्दावर नाना जीव टांगून बसले होते.

मूल्यमापनाला एक बाई आल्या. वयाने लहान, हुशार, मनाने चांगल्या. प्रणालीने टाळलेल्या चुका हाच प्रणालीचा फायदा, असं त्यांचं सूत्र होतं. त्यासाठी त्यांनी नानांच्या पाच वर्षांच्या फायली मागवल्या, दोन दिवस चाळल्या आणि तिसऱ्या दिवशी पडलेल्या चेहऱ्याने नानांसमोर येऊन बसल्या.

"नाना, यात चुका कुठे आहेत?"

"नाहीत हो. एकदा पांढऱ्याच्या जागी मोतिया गेला होता, पण तो ड्रायव्हरचा घोळ."

"मग प्रणालीने टाळायचं काय?"

नानांना मनापासून शरमल्यासारखं झालं. इतकी वर्षं कारखान्याचं मीठ खाऊन आपल्या हातून एवढंही होऊ नये, असं त्यांना वाटलं.

आठवड्याभरात परिपत्रक निघालं. तुलनेसाठी पुरेसा आधार उपलब्ध नसल्याने डिस्पॅच विभागाने पुढील तीन महिने दरमहा किमान बारा चुकीचे निर्णय घ्यावेत; चुका नैसर्गिक वाटाव्यात; प्रत्येक चुकीस पूर्वपरवानगी घ्यावी. नानांनी ते घरी नेऊन बायकोला वाचून दाखवलं आणि डोक्याला हात लावून बसले. बायको चष्मा पुसत म्हणाली, "अहो, घरात इतक्या सहज करता. तिकडेच काय जड जातंय?"

पहिली चूक नानांनी रीतसर परवानगी घेऊन केली. एका आडगावच्या दुकानाला त्यांनी गडद वांगी रंगाचे दोनशे डबे पाठवले. प्रणालीने ते अडवायला हवे होते, पण बरोबर काय हे तिलाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ट्रक सुखरूप पोचला. चौथ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. गावातल्या शाळेने भिंतींसाठी नेमका तोच रंग ठरवला होता आणि आणखी शंभर डबे हवे होते. बाईंनी कपाळाला हात लावला. नानांना लेखी ताकीद मिळाली: चूक करताना निष्काळजीपणा.

तेव्हा नाना जिद्दीला पेटले. चूक पक्की करायची तर बरोबर काय ते आधी पक्कं कळायला हवं, म्हणून त्यांनी फोन दुप्पट केले. इतक्या रंगाऱ्यांच्या गुडघ्यांची त्यांनी उभ्या नोकरीत चौकशी केली नव्हती. प्रणालीलाही काही आधार हवाच होता, म्हणून बाईंनी तक्त्यात दोन रकाने पाडून दिले. सकाळी दहाला नानांनी पहिल्या रकान्यात बरोबर निर्णय भरायचा, तो प्रणालीचा. अकराला दुसऱ्यात चुकीचा भरायचा, तो नानांचा. अकरा वाजून पाच मिनिटांनी पडद्यावर तांबडा दिवा लागे: चूक आढळली. सगळा विभाग टाळ्या वाजवी आणि त्यात नानाही असत.

तीन महिन्यांत छत्तीस चुका झाल्या आणि छत्तीसही पकडल्या गेल्या. अहवाल इतका सुरेख झाला की संचालकांनी तो उभं राहून मंजूर केला. मग मुदतवाढीचा विषय निघाला. तिमाहीत छत्तीस चुका करणाऱ्या माणसाला ठेवायचं तरी कसं? बाईंनी मान खाली घातली. दोन वर्षांची मुदतवाढ प्रणालीला मिळाली. मोठ्या साहेबांनी नानांचा हात हातात घेऊन सांगितलं, "तुमच्याशिवाय हे शक्य नव्हतं हो, नाना." ते अगदी खरं होतं, आणि नानांचे डोळे भरून आले.

पुढच्या सोमवारी दोन्ही रकाने रिकामे राहिले. माहितीची वाट पाहत आहे, असं प्रणाली सांगत होती. फाटकापाशी ट्रकही वाट पाहत होते. मंडळाला त्यात वावगं काही दिसलं नाही, कारण महिनाभरात एकही चूक झाली नव्हती. पण टाळायला चूकच नसल्याने फायद्याचा आकडा मात्र शून्यावर आला, आणि मंडळ हादरलं. तातडीने जाहिरात निघाली: चुका करण्यासाठी अनुभवी उमेदवार पाहिजे.

नानांनी पहिल्याच दिवशी अर्ज दिला. अनुभवापुढे त्यांनी छत्तीस चुका तारीखवार लिहिल्या होत्या. अर्ज परत आला. सदर चुका वरिष्ठांच्या परवानगीने केलेल्या आहेत, सबब ते आज्ञापालन ठरते, चूक नव्हे.

बाकी चारशे अकरा अर्ज आले. 'आजवर केलेल्या चुका' या रकान्यात प्रत्येकाने, वळणदार अक्षरात, 'निरंक' असं लिहिलं होतं. त्यामुळे जागा अजून भरलेली नाही. अर्ज फाटकावर मिळतो. तुम्हीही नेऊन भरून पाहा. नाव, पत्ता, शिक्षण सावकाश लिहा. त्या एका रकान्यात तुम्ही काय लिहिणार, ते आम्हाला ठाऊक आहे.