जवळचा चालवून घ्या

आमच्या इमारतीत कुणी नवीन पडदे लावले की शेजवळकाका पाहायला येतात. चहा घेतात, पडद्याचं टोक बोटांत धरतात आणि विचारतात, "हा निळा घेण्याआधी बघितलं होतं का, शेजारी कुणाकडे आहे का ते?"

डोंबिवलीत असा प्रश्न विचारणारा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही.

याचं मूळ त्यांच्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये आहे. काका कल्याणच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात होते. तिथलं मशीन भंगारात निघालं, तेव्हा यांनी ते टेम्पोत घालून घरी आणलं. ते अजून चालतं. मला त्याचं फार कुतूहल, म्हणून रविवारी मी जाऊन बसतो.

"हे बघ," काका सांगतात, "या पडद्यावर एका वेळी रंग दोनशे छप्पन्नच. घड्याळाची खिडकी, कॅलेंडरची खिडकी, सगळ्यांनी एकाच डब्यातले वापरायचे. नवीन आलेल्याने आधी बघायचं, आपल्याजवळचा रंग कुणी घेतलाय का. असेल तर तोच चालवून घ्यायचा."

"आणि नाही चालवून घेतला तर?"

"तर तो स्वतःचा वेगळा डबा आणतो. मग त्याच्यावर माउसचा बाण नेला की त्याचे रंग खरे, बाकी सगळ्यांचे बिघडतात. हावरट लेकाचे."

'जवळचा चालवून घ्या' हे मग काकांचं ब्रीदच झालं. इमारत रंगवायच्या वेळी बी विंगला मोरपंखी हवा होता. काका सभेत उभे राहिले, "तुमच्याकडे बघून आमच्याकडे बघितलं की आमची विंग आजारी दिसेल." शेवटी जिन्यापासून मीटरच्या पेटीपर्यंत सगळं बदामी झालं. पाटीलकाकू मुलीसाठी स्थळं बघत होत्या, त्यांनाही काकांनी हाच सल्ला दिला. पाटीलकाकू अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

मागच्या महिन्यात काका सकाळीच दारात उभे. शर्टाची बटणं खालीवर लागलेली.

"लाल गेला रे."

मला वाटलं कुणी माणूस गेलं. मग कळलं, कॉम्प्युटरच्या पडद्यातला लाल रंग गेला होता. "मशीन ठीक आहे, पण लालच नाही तर काय उपयोग? असला पडदा कुठे मिळेल?" या माणसाने आजवर माझ्याकडे वाटीभर साखरही मागितली नव्हती.

आम्ही रिक्षा करून शीळफाट्याला गेलो, भंगाराच्या गोदामात. तिथला भाई हसला, "काका, हा डब्बा आता कोण घेतो? असाच घेऊन जाव." परतताना काकांनी तो अवजड पडदा मांडीवर घेतला. प्रत्येक खड्ड्याला त्याला पोटाशी धरत होते.

घरी येऊन जोडला. घड्याळ आलं, कॅलेंडर आलं, सगळे आपापल्या जागी शहाण्यासारखे. कोपऱ्यात एक खिडकी मात्र नुसती डागाळलेली, काही ओळखू येत नव्हतं. काकांनी बाण तिच्यावर नेला.

घड्याळ जांभळं झालं, कॅलेंडर हिरवंगार. आणि त्या खिडकीत काकांच्या पत्नी, शालनकाकू हसत होत्या, खडवलीच्या नदीकाठी, अबोली रंगाच्या साडीत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

"काका, या खिडकीला वेगळा डबा? हावरटच की मग," मी चिडवलं.

काका पडद्याजवळ वाकले. लाल नीट आलाय का, ते बघत होते.

"हा फोटो मोबाइलवर का नाही घेत?"

"घेतलाय की. पण तिथे तिच्यासाठी कुणाला काही सोडावं लागत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "ही साडी तेवढी तिने स्वतः निवडलेली. बाकी जन्मभर मी जे आणलं ते जवळचं म्हणून चालवून घेतलं तिने."

 वेळ बघायला मी घड्याळाकडे पाहिलं, तर त्या जांभळ्या गिचमिडीत काटे दिसेनात. काकांनी बाण हलवला नाही आणि मीही हलवा म्हटलं नाही.