सासूबाई आणि दोन पेशींमधली फट

लुब्वामा सरांची बायको माहेरी गेली, त्याला कारण मज्जापेशी होत्या.

स्वयंपाकघराचा पत्रा गळत होता. नाजेम्बाने ते मार्चमध्ये सांगितलं, एप्रिलमध्ये सांगितलं, आणि मेमध्ये थेंबाखालचं पातेलं उचलून सरांच्या समोर आणून ठेवलं. तेव्हा सरांनी तिला शांतपणे समजावलं. एकच आवाज पुन्हा पुन्हा येत राहिला, की मज्जापेशी त्याला उत्तर देणं कमी कमी करत जातात. अंगातला सदरा म्हणूनच आपल्याला दिवसभर जाणवत नाही. थोडा धीर धरला, तर हा थेंबही ऐकू येईनासा होईल.

"म्हणजे मी ऐकू येत नाही, तेही याच्यामुळेच," नाजेम्बा म्हणाली, आणि सकाळच्या पहिल्या टॅक्सीने मसाका शहराच्या पलीकडे आपल्या आईकडे निघून गेली.

याला तीन आठवडे झाले होते. गेलेल्या बायकोला परत आणायचं, तर सासूबाईंची परवानगी लागते. आणि सरांच्या सासूबाई, ज्यांना जुळ्यांची आई म्हणून सारा गाव मानाने नालोंगो म्हणे, त्यांच्याशी थेट बोलायची सोय नव्हती. या बुगांडा मुलखात जावई सासूच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. चुकून स्पर्श झालाच, तर दोघांपैकी एकाचे हात कापू लागतात आणि मरेपर्यंत थांबत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. हातांचा कंप मेंदूतल्या ठरावीक पेशी मेल्यामुळे होतो, त्याचा सासूशी काही संबंध नाही, हे सरांना इतरांपेक्षा जास्त माहीत होतं. दरवर्षी ते वर्गात तसं सांगत. सांगताना हात खिशात असत.

आज शाळेत पालक-भेटीचा दिवस होता. नालोंगोंची नात माध्यमिकच्या दुसऱ्या वर्गात होती, त्यामुळे त्या येणार, डब्यांची टोपली घेऊन नाजेम्बाही येणार. कार्यक्रम उरकला की शाळेच्या मोठ्या बाईंनी मध्यस्थी करायची आणि सरांचा अर्ज नालोंगोंच्या कानावर घालायचा, असं ठरलं होतं. सरांनी मुद्दे कागदावर लिहून दिले होते. मोठ्या बाईंनी त्यातले तीन खोडले, कारण ते सशाच्या कानातल्या मज्जातंतूंबद्दल होते.

कार्यक्रम म्हणजे सरांचा नेहमीचा प्रयोग. साठ मुली एकमेकींचे हात धरून रांगेत उभ्या राहतात. पहिलीचा हात दाबायचा, तिने दुसरीचा, दुसरीने तिसरीचा. शेवटच्या माणसाने घंटा वाजवायची. एका पेशीकडून दुसरीकडे निरोप कसा जातो, ते त्यात दिसतं.

"पालक नुसते बसून काय करतील? त्यांनाही घ्या रांगेत," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाई, पालकांना सवय नाही."

"हात दाबायला सवय कसली लागते?"

रांग दोनशे माणसांची झाली. शाळेच्या दरवाजापासून निघून, मैदानाला वळसा घालून थेट फणसाच्या झाडाखाली संपली. सरांनी कर्ण्यातून सूचना दिल्या. "लक्षात ठेवा, जोरात दाबलं म्हणून निरोप लवकर पोचत नाही. मज्जापेशी एक तर निरोप देते, नाहीतर देत नाही. अर्धामुर्धा प्रकार नाही. आणि निरोप एकाच दिशेने जातो. मागे फिरत नाही."

पहिल्या खेपेला निरोप मुलींमधून झरझर गेला आणि पहिल्या पालकापाशी, म्हणजे म्हाताऱ्या सेबुन्यांपाशी, बसला. सेबुन्यांनी शेजारच्या बाईंचा हात हातात घेतला होता. हात घेतला की, बाईला न्याबो आणि पुरुषाला सेबो असं मानाने म्हणत, विचारपूस करावी लागते.

"दिवस कसा गेला, न्याबो?"

"बरा गेला, सेबो. तुमचा?"

"हं. घरची मंडळी?"

"आहेत. तुमच्याकडची?"

"आहेत. हंऽ."

"हंऽ."

"केळीची बाग काय म्हणतेय?"

"सेबुन्या!" सर कर्ण्यातून ओरडले. "हात दाबा!"

"आधी नीट चौकशी तर करू द्या, मास्तर. अनोळखी बाईचा हात असाच दाबू?"

नऊ मिनिटांत निरोप चौदा पालकांपर्यंत पोचला. सरांनी घड्याळ बंद केलं. "खऱ्या मज्जातंतूत निरोप सेकंदाला शंभर मीटर जाऊ शकतो," ते म्हणाले. "या वेगाने तुमचा पाय निखाऱ्यावर पडला, तर तुम्हाला कळेपर्यंत तो शिजून झालेला असेल."

"शिजेपर्यंत विचारपूस तरी पुरी होईल," सेबुन्या म्हणाले.

शेवटी तोडगा निघाला. सगळ्यांनी सगळ्यांची विचारपूस आधीच उरकून घ्यायची. त्यात पाऊण तास गेला. उन्हं चढली, केळीच्या पानांत बांधलेला मटोके, म्हणजे कच्च्या केळ्यांचा उकडलेला लगदा, निवत चालला. मोठ्या बाईंनी वयस्कर मंडळींना उचलून रांगेच्या शेवटी, फणसाच्या सावलीत नेलं. सरांना यातलं काही दिसलं नाही. ते रांगेच्या दुसऱ्या टोकाला घड्याळ जुळवत होते.

त्यांनी पहिल्या मुलीचा हात दाबला आणि धूम ठोकली. शेवटची जागा त्यांचीच होती, कारण शेवटचा माणूस म्हणजे स्नायू, आणि घंटा वेळेवर वाजवण्याच्या बाबतीत त्यांचा कुणावर विश्वास नव्हता. निरोप रांगेतून येत होता, सर मैदानाच्या मधून. सर वीस सेकंद आधी पोचले. उजव्या हातात घंटा घेतली, डावा हात शेजारच्या माणसाकडे पुढे केला, आणि मान वळवली.

शेजारी निळा पायघोळ गोमेसी झगा होता. कमरेला रुंद पट्टा, खांद्यावर टोकदार बाह्या. आत नालोंगो होत्या.

सरांनी हात असा मागे घेतला, की निखाऱ्याचं उदाहरण मुलींना आयतं मिळालं. नालोंगोंनी त्याच क्षणी पाठ फिरवली आणि पाच पावलं सरकल्या. त्यांच्या पलीकडच्या म्हातारीने मात्र त्यांचा हात सोडला नाही, त्यामुळे तीही फरफटत आली. आणि निरोप तर निघालेला होता. तो सेबुन्यांपाशी आला आणि विनातक्रार पुढे गेला, पुढच्या बायकांतून गेला, म्हातारीपर्यंत पोचला. म्हातारीने नालोंगोंचा हात दाबला.

दोनशे माणसांत एकही असा नव्हता, ज्याला काय झालं ते कळलं नाही.

सरांनी कर्णा तोंडाशी धरला. पंचवीस वर्षं शिकवण्याची सवय संकटातही सुटत नाही. "मुलींनो, नीट बघा," ते म्हणाले. "हे मी मुद्दाम केलेलं नाही. पण दोन मज्जापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये फट असते. केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी लहान."

"सर, इथे पाच पावलं आहे," नामुद्दू नावाची पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"मोठी करून दाखवली आहे."

"मग निरोप जातो कसा?"

"पहिली पेशी निरोप्या सोडते. रसायनाचा. तो फट ओलांडतो."

नालोंगोंनी जावयाकडे न बघता, फणसाच्या बुंध्याकडे बघून हाक मारली. "नाजेम्बा! ती टोपली ठेव खाली. या फणसाला जाऊन सांग, हात दाबलाय म्हणून."

नाजेम्बा बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. तीन आठवड्यांनी सरांना ती दिसत होती. तिने पाच पावलं ओलांडली, सरांचा डावा हात धरला आणि दाबला. सरांनी घंटा वाजवली. टाळ्या झाल्या. सर वाजवतच राहिले. टाळ्या थांबल्या, घंटा थांबेना.

"पुरे की आता," नाजेम्बा हळूच म्हणाली.

"तू हात धरला आहेस तोवर मला थांबता येणार नाही. निरोप्या फटीत आहे तोवर स्नायू आवळलेलाच राहतो."

"मी सोडलाय केव्हाच. तुम्ही धरलाय."

"सर!" नामुद्दूने हात वर केला. "मग निरोप्याचं पुढे काय होतं?"

सरांची घंटा थांबली. याचं एक उत्तर असं होतं, की काही निरोप्ये त्या फटीतच मोडून पडतात. ते बायकोचा हात हातात असताना सांगण्यासारखं नव्हतं. दुसरं उत्तर त्याहून वाईट होतं. तिसरं, म्हणजे निरोप्या पोचला तिथेच कायमचा राहतो, हे फार सुरेख होतं, पण खोटं होतं. परीक्षा महिन्यावर आली होती.

"बऱ्याचदा," सर कर्ण्याशिवायच म्हणाले, "ज्या पेशीने त्याला पाठवलं, तीच त्याला परत आत ओढून घेते."

"ऐकलंस ना, नाजेम्बा?" नालोंगो बुंध्याला म्हणाल्या. "मास्तरच सांगतायत. ये परत."

नाजेम्बाने हात सोडवून घेतला आणि पाच पावलं मागे गेली. मोठ्या बाईंनी पर्समधला सरांचा अर्ज बाहेर काढला, एकदा बघितला, पुन्हा आत टाकला.

"आणि मग तो घरातच बसतो?" सेबुन्यांनी रांगेतून विचारलं. म्हाताऱ्याचा आवाज जरा मऊ झाला होता.

"नाही, सेबो. पुढच्या निरोपासाठी तयार ठेवतात त्याला. पण पुढचा निरोपही त्याच बाजूने यावा लागतो. या बाजूने काही करता येत नाही."

नालोंगोंनी कमरेचा पट्टा सारखा केला. "हा फणस," त्या म्हणाल्या, "स्वतःच्या नुकसानीचंही खरंच सांगतो. असं झाड आजकाल मिळत नाही. गुरुवारी पाठवते."

रांगेतून बायकांच्या आनंदाच्या किलकाऱ्या उठल्या. सरांचे डोळे ओले झाले, आणि तेवढ्यात नाजेम्बा पुढे झाली आणि तिने कर्णा उचलला.

"सर," ती म्हणाली. तिने त्यांना सर कधीच म्हटलं नव्हतं. "निरोप्याला काय वाटतं, ते पुस्तकात लिहिलेलं आहे का?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"मग मुलींनो, घ्या लिहून."

साठ वह्या उघडल्या.

"निरोप्या गुरुवारी येईल. पण त्याने काही सांगितलं, तर समोरच्याने ते काम करायचं. ते काम का होत नाही, याचं कारण समजावून सांगायचं नाही. झालं लिहून?"

"हो!" साठ मुली म्हणाल्या.

"सरांना विचारा, बरोबर आहे का."

साठ माना वळल्या. लुब्वामा सरांच्या मनात एक छोटीशी दुरुस्ती होती. रसायनाला काम सांगता येत नाही, सांगते ती पेशी, आणि नेमका फरक असा, की... त्यांनी तोंड उघडलं. नामुद्दूने नवी ओळ धरली. फणसाखाली नालोंगोंनी पहिल्यांदाच, तेही अर्धवट, मान इकडे वळवली.

सरांनी तोंड मिटलं आणि बरोबरची खूण केली.