खर्जबाबांचं बत्तिसावं गाणं

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला चष्मेवाल्याने त्यांचा बंद पडलेला रेकॉर्डप्लेअर दुरुस्त करून दिला आणि भंगारवाल्याकडून जुन्या रेकॉर्डींचा एक गठ्ठाही आणला. सासरे निवृत्त वजनमापे निरीक्षक. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी जावयाला ते "अहो चष्मेवाले" अशीच हाक मारत, जणू काही तो काड्या घट्ट करायलाच घरी आलाय.

गठ्ठ्यातल्या तिसऱ्या रेकॉर्डवरचा कागद वाळवीने खाल्ला होता. सुई टेकली आणि विहिरीच्या तळातून यावा तसा एक जाड, दुःखाने ओथंबलेला पुरुषी आवाज आला, "धनी माझा झुरतो गं, रात्र सरता सरेना..."

सासऱ्यांचा कप ओठांपाशीच थांबला. "खर्जबाबा," ते पुटपुटले.

खर्जबाबा म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचे लोकप्रिय गायक. उभ्या आयुष्यात त्यांनी एकतीस गाणी म्हटली, सगळी रडकी, आणि मग गाणं सोडून मधमाश्या पाळल्या. ती एकतीसही सासऱ्यांना तोंडपाठ होती. हे त्यांतलं नव्हतं.

"म्हणजे हे बत्तिसावं." सासऱ्यांचे डोळे भरून आले. "जावईबापू, तुम्ही काय आणलंत, तुम्हाला कळतंय का?"

'जावईबापू' ऐकून चष्मेवाला बसल्या जागी दोन इंच उंच झाला.

तासाभरात जनावरांचे डॉक्टर हजर झाले. ते जुनी गाणी मंडळाचे अध्यक्ष. खर्जबाबांवर त्यांनी चक्क पुस्तिका लिहिली होती. त्यांनी डोळे मिटून गाणं तीनदा ऐकलं.

"त्यांचंच. मागे समुद्राची गाज ऐकलीत? काय कल्पना आहे."

"पण हे 'धनी माझा' का म्हणतायत?" चष्मेवाल्याच्या बायकोने दारातून विचारलं. "पुरुष असं कशाला म्हणेल?"

"विरहिणीची भूमिका आहे, ताई. त्या काळात असं गायला छाती लागायची."

सासऱ्यांनी मुलीकडे खोटं वजन सापडल्यासारखं पाहिलं. शनिवारी संध्याकाळी ग्रंथालयाच्या हॉलमध्ये जाहीर श्रवणाचा कार्यक्रम ठरला. पत्रकं वाटली गेली. कुणी कुणी तर दोन बस बदलून येणार होतं.

शनिवारी सकाळी चष्मेवाल्याने रेकॉर्ड पुसायला दुकानात नेली. भिंग लावल्यावर भोकाजवळ कोरलेला बारीक आकडा दिसला: पंचेचाळीस, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेरे. घरच्या रेकॉर्डप्लेअरची वेगाची कळ तर तेहतिसावर होती. धूळ पुसताना सरकली असणार.

सासरे हॉलवर खुर्च्या मांडायला गेले होते. त्याने घरी येऊन कळ पंचेचाळिसावर नेली. लगेच एक चिरका, उड्या मारणारा बायकी आवाज सुरू झाला, "धनी माझा घोरतो गं, रात्र सरता सरेना!" आणि मागे समुद्र नव्हता. कुणीतरी ठेक्यात घोरत होतं.

बायको हसता हसता खाली बसली. "बाबांना सांगा आता."

"अकरा वर्षांनी जावईबापू झालोय गं. तू सांग."

"मी कशाला? गठ्ठा तुम्ही आणलात."

शेवटी त्याने ठरवलं, कळ तेहतिसावरच ठेवायची, आपणच रेकॉर्डप्लेअरपाशी बसायचं आणि त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

हॉल खच्चून भरला होता. डॉक्टर पाऊण तास बोलले. मग गाणं लागलं आणि रांगेरांगेतून रुमाल निघाले. गाणं संपल्यावर "वन्स मोअर" झालं. चष्मेवाला उठायच्या आत भारावलेले सासरे स्वतःच पुढे झाले, त्यांनी सुई उचलून मागे ठेवली आणि तेवढ्यात त्यांचा कोपर कळीला लागला.

धनी पहिल्या ओळीपासून घोरू लागला.

सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. गाणं संपताच चष्मेवाल्याने सुई उचलली. तो उभा राहिला. "मंडळी, चूक माझी आहे. गाणं एकच आहे, वेग चुकला होता. मघाशी खर्जबाबा नव्हतेच. ही बाई होती."

डॉक्टरांनी त्याच्याकडे आजारी वासराकडे पाहावं तसं पाहिलं. "अहो, डोळ्यांचं तुम्ही बघा, कानांचं आमच्यावर सोडा. सुई पुढच्या गाण्यावर पडली. ही नंतर कुणीतरी केलेली उडती नक्कल. गाजलेल्या गाण्यांचं असंच होतं."

"शब्दसुद्धा बदललेत," सासरे म्हणाले. "झुरतोचं घोरतो केलंय. लाज नाही लोकांना. बसा, जावईबापू. दगदग झालीय तुम्हाला."

सगळ्या हॉलने माना डोलावल्या.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतली एक म्हातारी बाई काठी टेकत टेबलापाशी आली आणि चष्मेवाल्याच्या कानाशी वाकली.

"हे गाणं माझं आहे. एकोणीस वर्षांची होते मी. ते घोरणारे आमचे पेटीवाले."

चष्मेवाल्याच्या जिवात जीव आला. "आजी, मग सांगा ना यांना. माझं कुणी ऐकत नाहीये."

आजींनी हॉलकडे पाहिलं. पुढच्या रांगेत दोघं-तिघं अजून डोळे पुसत होते.

"आयुष्यभर सगळे म्हणाले, बाई, तुझा आवाज फार चिरका आहे," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या गाण्यावर कुणी रडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं."

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि ऐसपैस बसल्या.

"ती कळ परत खाली करा बघू. मघाचंच लावा."