गोठ्यातलं खिंडार

मारुतीआप्पांच्या घरी चहा हवा असेल तर आधी गोठ्यातल्या थोरल्या गाईला रामराम घालावा लागे. "पावणं, तिला भेटून या. फुसफुसली तर चहा न्हाय, नुसतं पाणी." कागलजवळच्या शाळेत बदली होऊन मी त्यांचा शेजारी झालो, तेव्हा पहिल्या दिवशी मला पाणीच मिळालं.

गावात केबल नुकती आली होती. संध्याकाळी सगळं गाव मालिकांपुढे, तर आप्पा गोठ्यापुढे. "मास्तर, तुमच्या शिरेलीत हाय ते समदं हितं हाय की. थोरलीच्या आधी कुणी पाण्याला तोंड लावलं की शिंग! ही जर्सी म्हंजे शहरातली सून. कामाला चांगली, पर नाक लई वर. आन् ही सोनी..." इथे आवाज खाली यायचा. "हिला जोडीदारीण लागती."

सोनीची जोडीदारीण चांदी. एकमेकींची मान चाटल्याशिवाय दोघी बसत नसत. पण आप्पा आणि त्यांचा धाकटा भाऊ सदाशिव यांची वाटणी झाली, तेव्हा पंचांनी गाईसुद्धा चिठ्ठ्या टाकून वाटल्या. सोनी इकडे, चांदी तिकडे, आणि गोठ्याच्या मधोमध विटांची भिंत. गाईंची नस अन् नस ओळखणारा हा माणूस नेमका त्या वेळी हट्टानं गप्प बसला. मला त्यांचा रागच आला होता. भिंत उठली तसे भाऊ बोलेनासे झाले.

महिन्याभरानं आप्पा सकाळीच माझ्या दारात. चेहरा पार उतरलेला.

"मास्तर, सोनी वैरणीला तोंड लावंना. अशानं मरंल ती. सदाला सांगा, भितीत येक खिंडार पाडू या. गाईसाठनं हां. माझं काय न्हाय."

मी निघालो, तर त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला अंगणात गाठलं. "सोनी बुट्टीभर खाऊन रवंथ करतीया. चार दिस झालं, ह्यांच्याच घशाखाली घास उतरंना."

काकूंचं बोलणं मी माझ्याजवळच ठेवलं. सदाशिवकडे गेलो आणि निरोप सांगितला. त्यानं मान खाली घातली.

"चांदी बी खाईना झालीया, मास्तर."

त्याच्या मागे चांदी तुडुंब पोटानं डोळे मिटून बसली होती. मी मास्तर असूनही दोघांचं खोटं पास केलं.

दुपारी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी पहारी चालल्या. खिंडार गाईच्या मानेएवढं पाडायचं ठरलं होतं. पाडता पाडता माणूस जाईल एवढं झालं, तरी कुणी थांबेना. सोनी आणि चांदी एकमेकींच्या माना चाटू लागल्या. सदाशिव विटा ओलांडून आत आला आणि अवघडून उभा राहिला.

"आधी थोरलीला रामराम घाल," आप्पा म्हणाले.

सदाशिवनं हात पुढे केला. थोरलीनं तो हुंगला आणि चाटत राहिली.

आप्पांनी घाईनं तोंड फिरवलं आणि ते घराकडे बघून ओरडले, "अगं, चहा नगं! ताटं वाढ, दोन!"