रूडी व्हॅन्डरमोलेनकडून शिकण्यासारख्या सतरा गोष्टी

थोर माणसांकडून सगळं शिकता येतं. फक्त ती तोंडाने काय सांगतात तिकडे लक्ष द्यायचं नाही, एवढं पथ्य पाळावं लागतं. नेब्रास्कातल्या हार्लन क्रीकच्या बेसबॉल पालक समितीने हे पथ्य कसोशीने पाळलं.

रूडी व्हॅन्डरमोलेन वीस वर्षं मोठ्या लीगमध्ये खेळला आणि दहापैकी सात वेळा बाद झाला (या खेळात याला महान म्हणतात). तो गावच्या मैदानावर आला तेव्हा चौदा बाप वह्या घेऊन जाळीला चिकटले होते. त्यात वेंडेल स्ट्राउड सर्वांत पुढे. त्याचा बारा वर्षांचा टोबिन जिल्हा संघात जाणार की नाही, हे महिनाअखेरच्या सामन्यावर ठरणार होतं, आणि वेंडेलला आतापासूनच जेवण जात नव्हतं.

रूडीने पोरांना सांगितलं, "चेंडूकडे बघा. आवडला तर हाणा."

हे अर्थातच कुणी लिहून घेतलं नाही. नोंद झाली ती इतर सोळा गोष्टींची: डावीकडे दोनदा थुंकणे, हातमोज्याची पट्टी तीनदा सोडून बांधणे, टोपी चाचपणे, कोपर खाजवणे (बहुधा डास चावला असावा, पण समितीने धोका पत्करला नाही) इत्यादी.

निघताना वेंडेलने विचारलं, "सर, लहानपणी वडील तुमच्याकडून कसं घोटून घ्यायचे?"

"ते? छे. मी बाद झालो की गाडीत घालून आईस्क्रीम खायला न्यायचे. खेळाचं नावसुद्धा काढायचे नाहीत."

चौदा पेन्सिली एकदम चालल्या. ही सतरावी.

समितीने रीतसर कार्यपद्धती ठरवली: परतीच्या वाटेवर पहिले चार मैल मौन, मग आईस्क्रीमचा एक गोळा, चेहरा प्रसन्न (बापाचा). पंधरा दिवसांत गावातला आईस्क्रीमचा खप चौपट झाला. धावा होत्या तेवढ्याच राहिल्या, थुंकण्यात मात्र चाळीस टक्के सुधारणा दिसली.

सामन्यात टोबिनने सोळाही गोष्टी बिनचूक केल्या. पंच बिचारा ताटकळला. मग तीन चेंडू आले, बॅट न हलताच गेले, आणि बेसबॉलच्या नियमाप्रमाणे टोबिन बाद झाला. पुढच्या दोन्ही खेपांना तेच. संघाच्या यादीत त्याचं नाव आलं नाही.

परतताना गाडीत वेंडेलने चार मैल मौन पाळलं. मध्येच त्याला पोराला जवळ घ्यावंसं वाटलं, पण पद्धतीत तशी तरतूद नव्हती.

आईस्क्रीम हातात धरून टोबिन बापाच्या प्रसन्न चेहऱ्याकडे बघत राहिला. आईस्क्रीम वितळून मनगटावर ओघळलं.

"बाबा, हे संपल्यावर ओरडणार असशील, तर आत्ताच ओरडून घे. मग मला नीट खाता येईल."

वेंडेलला हे फार लागलं. घरी पोचताच त्याने समितीला कळवलं, की पद्धतीत काहीतरी राहून जातंय. समितीने रूडीला तातडीचं पत्र टाकून विचारलं आहे, की वडील नेमकं कोणत्या चवीचं आईस्क्रीम घेऊन द्यायचे.

तुम्ही हसताय, हरकत नाही. तुमच्या घरात कुणी बॅट धरत नसेल. पण परीक्षा देऊन कुणीतरी घरी येतच असेल, आणि ती चव कोणती, हे तुम्हालाही हवंच आहे.